निरामिष आमिष

'आमिष' या शब्दाने मोठा प्रवास केला आहे. संस्कृतात त्याचा पहिला अर्थ मांस. सामिष आणि निरामिष ही भोजनाची विशेषणे त्या अर्थाची साक्ष अजूनही देतात. पुढे सापळ्यात अगर गळाला लावायचा मांसाचा तुकडा तेवढा आमिष म्हणवू लागला. आणि कालांतराने मांसाचा संबंध सुटून पैशाचे, पदाचे, लग्नाचे, कशाचेही आमिष दाखवता येऊ लागले. शब्दाच्या या प्रवासाची मौज वाटून फ्लोरिडात स्थायिक झालेल्या रसायनशास्त्राच्या एका मराठी प्राध्यापकांनी मासेमारीच्या आपल्या पेटीवर एक चिठ्ठी चिकटवली होती : 'निरामिष आमिष'. पेटीत मांसाचा कणही नसे. रबरासारख्या मऊ प्लास्टिकची जांभळी गांडुळे, हिरवे सरडे, पोकळ पोटाचे बेडूक, चमच्याच्या आकाराचे चकचकीत पत्रे, पाण्यातून ओढताच गरगरणारी पाती असा सगळा लटका संसार तीत कप्प्याकप्प्यांतून मांडलेला असे. घरी आलेल्या मराठी पाहुण्यांना ती चिठ्ठी दाखवताना प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर एक समाधान असे. त्या समाधानात विनोदाइतकाच आत्मसमर्थनाचाही भाग होता.

समर्थनाची गरज त्यांना होती. राजापूरच्या अर्जुना नदीकाठचे त्यांचे घर मासे न खाणाऱ्यांचे. वडील चातुर्मासात एकनाथी भागवत वाचीत. घरात मासा येणे दूरच, परंतु अंगणावरून कोळणीची पाटी गेली तरी आजी पदर नाकाशी धरीत असे. अशा घरातला मुलगा १९७१ मध्ये बहुवारिकांच्या अभ्यासासाठी अमेरिकेत गेला, फ्लोरिडातील एका महाविद्यालयात शिकवू लागला, आणि एका सहकाऱ्याच्या आग्रहाने एका रविवारी नावेत बसला. पुढील चाळीस वर्षे तो छंद सुटला नाही. 'खात नाही, मारीत नाही. पकडतो आणि सोडतो,' हे वाक्य त्यांनी भारतातल्या नातेवाइकांना किती पत्रांतून लिहिले असेल याची गणती नाही. माशाचे नाव बास. पत्नी म्हणत, नावातच 'पुरे' आहे, तरी तुमचे पुरे होत नाही.

त्यांची आवडती जागा म्हणजे ओकीचोबी सरोवराची पश्चिम बाजू. ओकीचोबी म्हणजे मोठे पाणी. हिचिती लोकांच्या भाषेतले हे नाव. विस्तार सुमारे १,९०० चौरस किलोमीटर, आणि सरासरी खोली तीन मीटरांहूनही कमी. इतके मोठे आणि इतके उथळ पाणी वाऱ्याच्या हाती किती सहज लागते हे सप्टेंबर १९२८ च्या चक्रीवादळाने दाखवले. वाऱ्याने सरोवरच दक्षिण काठावर लोटले आणि अडीच हजारांहून अधिक माणसे, त्यांतली बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतमजूर, बुडून मेली. त्यानंतर सरोवराभोवती प्रचंड बांध घातला गेला. बांधाच्या आत, पश्चिमेला मात्र पाणी आणि जमीन यांचा तंटा अजून मिटलेला नाही. मैलोगणती दलदल पसरली आहे. पाणी कुठे गुडघाभर, कुठे कंबरभर. लव्हाळे, कमळाची पाने, गवताची बेटे, आणि पाण्याखाली हायड्रिलाची गच्च रजई. ही हायड्रिला म्हणजे मराठी शाळांतल्या मुलांना प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगातून ठाऊक असलेली वनस्पती. पालथे नरसाळे, त्यावर पालथी परीक्षानळी, आणि नळीत चढणारे बुडबुडे. मत्स्यपेटीची शोभा म्हणून १९५० च्या सुमारास ती आशियातून फ्लोरिडात नेली गेली आणि कालव्याकालव्यांतून पसरली. नौकानयन करणारे तिला शिव्या देतात, गळ टाकणारे तिच्या आधाराने मासे शोधतात. प्राध्यापकांना तिच्यात आपल्या शाळेची प्रयोगशाळा दिसे.

या दलदलीत खऱ्या गांडुळाने मासेमारी करता येत नाही असे नाही. परंतु खोट्या आमिषाचे सारे कौशल्य अशाच जागी पणाला लागते. बास हा पाठलाग करणारा मासा नव्हे. तो दबा धरून बसतो. गवताच्या सावलीत निश्चल राहावे, भक्ष्य टप्प्यात आले की जबडा एकदम पसरावा आणि भक्ष्यासकट पाणीच आत ओढून घ्यावे, ही त्याची रीत. तेव्हा आमिष नेमके गवतातच गेले पाहिजे. आणि गवतात गेलेला उघडा गळ माशाआधी गवतालाच लागतो. म्हणून गळाचे टोक प्लास्टिकच्या गांडुळाच्या अंगातच खुपसून दडवतात. पोकळ बेडकाच्या बाबतीत गळाची दोन्ही टोके त्याच्या पाठीला चिकटून वर वळलेली ठेवतात. बेडूक कमळाच्या पानावर टाकावा, क्षणभर थांबावे, दोऱ्याला हलका झटका देऊन त्याला पाण्यात सरकवावे. पाणी फुटते, बेडूक दिसेनासा होतो. त्या क्षणी हात आवरणे ही खरी विद्या. लगेच ओढले तर बेडूक माशाच्या तोंडातून निसटून येतो. उशीर केला तर माशाला लबाडी कळते आणि तो थुंकून टाकतो. या दोहोंमधला जो एखाद-दोन श्वासांचा अवकाश, त्यासाठी प्राध्यापक पहाटे चारला उठून शंभर मैल गाडी हाकीत असत.

ही लबाडी जुनी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बार्ट्रम याने १७९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात फ्लोरिडातील मासेमारीची एक पद्धत नोंदवली आहे. लहानशी होडी, मागे वल्हवणारा एक, पुढे दहा-बारा फुटी काठी धरलेला दुसरा. काठीला जेमतेम वीस इंचांचा दोरा, दोऱ्याला पाठीला पाठ लावून बांधलेले तीन मोठे गळ, आणि ते झाकून टाकणारा मुठीएवढा झुबका : हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, तांबड्या फितीच्या चिंध्या, रंगीबेरंगी पिसे. हा झुबका पाण्याला टेकतो न टेकतो असा नाचवीत न्यायचा. त्या झुबक्यासारखा प्राणी सृष्टीत कुठेही नाही, तरीही मासा त्यावर तुटून पडे. दीडशेहून अधिक वर्षांनी, १९४९ मध्ये, ओहायो राज्यातील अॅक्रन शहरात निक क्रीम या कारागिराने स्वयंपाकघरातल्या शेगडीवर प्लास्टिक वितळवून हुबेहूब गांडूळ ओतले. बहुवारिकांच्या अभ्यासकाला ही कथा प्रिय असावी हे साहजिकच होते. ज्या पॉलिव्हिनाइल क्लोराइडचे रेणुसूत्र ते फळ्यावर लिहीत, तेच शनिवारी त्यांच्या बोटांत मऊ होऊन वळवळत असे.

बार्ट्रमच्या झुबक्याला लागलेला मासा अर्थातच चुलीवर जाई. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंस वजनाचा बास पकडला, तोही लाकडी आमिषावर. तो विक्रम पुढे कित्येक दशके अबाधित राहिला. परंतु ते मंदीचे दिवस होते. वजनाची नोंद झाल्यावर पेरीने तो मासा घरी नेला आणि घरच्यांनी तो खाल्ला. त्या पिढीला यात समर्थन करण्यासारखे काही वाटले नाही. भूक हे पुरेसे कारण होते. पुढे सुबत्ता आली, मासेमारीचा खेळ झाला, खेळाच्या स्पर्धा झाल्या. रे स्कॉट याने १९७२ पासून आपल्या स्पर्धांतून मासे जिवंत परत सोडण्याचा प्रघात पाडला आणि तो देशभर रुजला. दक्षिणेकडील एव्हरग्लेड्समध्ये तर निसर्गानेच, किंबहुना माणसाने बिघडवलेल्या निसर्गानेच, खाण्याचा प्रश्न निकालात काढला. हवेतून उतरणारा पारा तिथल्या चिखलातील जिवाणूंच्या क्रियेने अधिक विषारी रूप घेतो, लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो, आणि सर्वांना खाणाऱ्या बासमध्ये त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. १९८९ मध्ये राज्य शासनाने तेथील बास खाण्याविरुद्ध इशारा दिला. म्हणजे आमिषही निरामिष आणि शिकारीही निरामिष. प्राध्यापकांच्या चिठ्ठीला जणू काळानेच दुजोरा दिला होता.

ही तृप्ती २०१५ च्या फेब्रुवारीत एका सकाळी ओसरली.

त्या दिवशी नावेत त्यांची नऊ वर्षांची नात होती. हवा स्तब्ध, पाणी नितळ. लव्हाळ्याच्या कडेला अडीच-तीन फूट पाण्याखाली एक फिकट वर्तुळ दिसत होते. तुळशीपुढे रांगोळीसाठी सारवलेल्या जागेसारखे स्वच्छ. ते घरटे होते हे प्राध्यापकांना ठाऊक होते. पाणी पुरेसे उबदार झाले की बासचा नर शेपटीने तळ झाडून अशी जागा तयार करतो. मादी अंडी घालते आणि निघून जाते. त्यानंतर अंडी फुटेपर्यंत, आणि पिले स्वतंत्र होईपर्यंत, पहारा बापाचा. त्या दिवसांत तो फारसे खात नाही. परांनी पाणी हलवून अंड्यांवरचा गाळ झटकतो आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जातो. तेथील सर्व मासेमाऱ्यांना हे माहीत असते, आणि म्हणूनच तो मोसम त्यांना प्रिय असतो.

प्राध्यापकांनी प्लास्टिकचा सरडा घरट्यात सोडला. मासा वळला, जवळ आला, थबकला, परत गेला. दुसऱ्या वेळी त्याने सरड्याला नाकाने ढकलले. तिसऱ्या वेळी तसेच. चौथ्या वेळी त्याने सरडा तोंडात धरला, आणि प्राध्यापकांनी चाळीस वर्षांच्या सवयीने रॉड वर खेचला. मासा लहानच होता, दोन पौंडांचा असेल. गळ जबड्यात रुतला होता, तो काढायला वेळ लागला. मग छायाचित्र. नातीने तो दोन्ही हातांनी धरला होता. मासा तोंड उघडून मिटत होता.

"आजोबा, ह्याला भूक लागली होती का?"

"लागली असेल."

"मग आधी त्यानं नुसतं ढकललं का?"

प्राध्यापकांनी उत्तर दिले नाही. मुलीचे लक्ष पाण्याकडे गेले होते. "ते बघा, ते छोटे मासे काय खातायत?"

त्या फिकट वर्तुळावर दहा-बारा ब्लूगिल जमले होते. तळहाताएवढे, चपट्या अंगाचे ते मासे डोके खाली करून भराभर टिपत होते. काय टिपत होते हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. बासला पाण्यात सोडले तेव्हा तो क्षणभर नावेच्या सावलीत खुळावल्यासारखा उभा राहिला आणि मग लव्हाळ्यात शिरला. घरट्याकडे गेला नाही. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक एकटेच तिथे आले. वर्तुळावर गाळ बसू लागला होता.

'खात नाही, मारीत नाही' या वाक्याचा दुसरा अर्धा भाग असा एका सकाळीत निकामी झाला.

अभ्यासकाचा स्वभाव असल्यामुळे त्यांनी मग या विषयावरचे शास्त्रीय लेखन मिळवून वाचले. इलिनॉय राज्यातील रिज लेक या छोट्या तलावातल्या बासवर १९७० च्या दशकात एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. वारंवार गळाला लागणारे मासे आणि कधीच न लागणारे मासे वेगळे करून त्यांच्या संततीची पिढ्यान्पिढ्या पाहणी केली गेली. गळाला लागण्याची प्रवृत्ती आनुवंशिक असते असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ मध्ये त्याच माशांविषयी आणखी एक गोष्ट पुढे आली. जे नर सहज गळाला लागतात तेच घरट्याची राखण अधिक जिद्दीने करतात. जो अधिक दक्ष, अधिक आक्रमक, पिलांसाठी अधिक झिजणारा, तो आधी सापडतो. जो घरट्याकडे दुर्लक्ष करतो तो वाचतो. गळ टाकणारा माणूस नकळत चांगल्या बापांची निवड करीत असतो, त्यांना वगळण्यासाठी.

हा निष्कर्ष वाचला तेव्हा त्यांना मृगाच्या पहिल्या सरी आठवल्या. अर्जुनेला नवे पाणी येई आणि गाभोळीने भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वहाळातून, शेतांच्या बांधांवरून वर चढू लागत. चढणीचे मासे. कंदील, टोपल्या, जाळी घेऊन सारा गाव पाण्यात उतरे. त्यांचे घर तेवढे ओटीवर बसून पाही आणि मनातल्या मनात स्वतःला वेगळे, थोडे वरचे समजे. अंडी घालायला निघालेल्या माशांना मारणे हे पाप आहे असे आजी म्हणत. परंतु पाण्यात उतरणाऱ्यांच्या घरी पावसाळ्यात कणगी रिकामी असे. ते पकडत आणि खात. ओटीवर बसलेल्या त्या मुलाने पुढे जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तेच केले, खाण्याची गरज नसताना. निरामिष राहिल्यामुळे त्याचे कृत्य हलके झाले नव्हते. उलट, भुकेचे जे एक कारण गावाजवळ होते तेही त्याच्यापाशी नव्हते.

आणि वडिलांचे चातुर्मासातले वाचन आठवले. भागवताच्या ज्या अकराव्या स्कंधावर नाथांनी भाष्य केले, त्यात अवधूत आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. मासा हा त्यांपैकी एक. जिभेच्या लोभाने तो गळ गिळतो आणि प्राणाला मुकतो; त्याच्याकडून अवधूत रसनाजय शिकला. ओटीवर ऐकलेला हा धडा प्राध्यापकांनी कधी तपासून पाहिला नव्हता. आपल्या भाषेतही गळाला लागणे म्हणजे लोभाला बळी पडणे. परंतु त्या सकाळच्या माशाला लोभ नव्हता. गळाला लावलेल्या वस्तूला चव नव्हती, वास नव्हता, ती अन्न नव्हती, आणि माशाने तिला अन्न मानलेही नव्हते. त्याने तिला शत्रू मानले. त्याच चोवीस गुरूंत एक कपोतही आहे. पिले पारध्याच्या जाळ्यात सापडलेली पाहून कपोती जाळ्यात शिरते आणि तिच्यामागोमाग कपोतही. फ्लोरिडातल्या त्या बासचे स्थान मीनापाशी नव्हे, या कपोतापाशी होते.

अवधूत त्या कथेतून अतिस्नेह टाळण्याचा बोध घेतो. तो विरक्ताचा बोध आहे आणि विरक्ताला शोभतो. प्राध्यापक विरक्त नव्हते. नातीला घेऊन मासेमारीला जाणारे आजोबा होते. कथेत जाळे पसरणारा पारधी आपले काम साधून समाधानाने घरी जातो आणि पुन्हा त्याचे नाव निघत नाही. मधमाशांचा मध लुटणाऱ्यालाही अवधूताने गुरू केले आहे, परंतु त्या चोवीसांत पारधी नाही आणि गळ टाकणाराही नाही. कपोताने काय शिकावे हे पोथीत आहे. पारध्याने काय शिकावे हे ज्याचे त्याने शोधायचे.

त्यांनी शोधले ते फार मोठे नव्हते. छंद त्यांनी सोडला नाही. वयाच्या सत्तरीत एकदम साधू होण्याचा आव आणणे त्यांना रुचले नसते. उन्हाळ्यात, शरद ऋतूत ते पूर्वीसारखेच जात राहिले. मात्र डिसेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत रॉड भिंतीला टांगलेला राहू लागला. पेटीवरची चिठ्ठी त्यांनी काढली नाही. पाहुण्यांना ती दाखवणे तेवढे थांबले.

अपवाद एकच झाला. पुढल्या वर्षीच्या फेब्रुवारीत नातीने पुन्हा त्या जागी नेण्याचा हट्ट धरला. निघण्यापूर्वी प्राध्यापकांनी पक्कड घेतली आणि तिच्यासमोर सरड्यातला गळ तोडून टाकला. उरला नुसता दोऱ्याला बांधलेला प्लास्टिकचा सरडा. लव्हाळ्याच्या कडेला एक फिकट वर्तुळ त्यांना सापडले. त्यावर एक नर पहाऱ्याला होता. तो मागच्याच वर्षीचा की दुसरा, हे सांगता येण्यासारखे नव्हते.

सरडा घरट्यात उतरला. मासा वळून जवळ आला. त्याने सरड्याला ढकलले, मग शेपटीकडून तोंडात धरले आणि सावकाश, काही मोडू नये अशा बेताने, घरट्यापासून दोन हात दूर नेले. तिथे त्याने तो थुंकून टाकला. लगेच तो माघारी आला, वर्तुळाच्या मध्याशी थांबला आणि परांनी पाणी हलवू लागला. हिरवा सरडा चिखलावर पडून राहिला.

मुलगी बराच वेळ नावेच्या कडेवरून वाकून पाहत होती.

"भूक नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती," आजोबा म्हणाले, आणि दोरा हळूहळू गुंडाळू लागले.